अवघड जागेचे दुखणे : जांघेतली खाज लपवू नका, मनाने ट्यूब लावू नका

रविवारची वंदना आटोपली की विहाराच्या ओट्यावर आम्ही रक्तदाब मोजायचे यंत्र घेऊन बसतो. आमच्यात एक परिचारिका आहे, एक औषधाच्या दुकानात काम केलेला आहे, बाकी आम्ही साधे कार्यकर्ते. लोक येतात, बीपी मोजून घेतात, साखरेचे विचारतात, गुडघेदुखीचे सांगतात. पण एक दुखणे असे आहे की त्यासाठी कोणी रांगेत उभे राहत नाही. सगळे पांगेपर्यंत माणूस रेंगाळतो आणि मग हळूच म्हणतो, "दादा, एक विचारायचं होतं. इथं नको, जरा बाजूला."

मागच्या पावसाळ्यात असाच एक तरुण थांबला. वय चोवीस, मोटारसायकलवरून पार्सल पोहोचवण्याचे काम. आठ महिन्यांपासून त्याच्या जांघेत खाज होती. मेडिकलमधून त्याने एकामागून एक तीन प्रकारच्या ट्यूबा आणल्या होत्या. लावली की दोन दिवसांत खाज थांबायची, सोडली की दुपटीने यायची. आता चट्टे मांड्यांवरून कमरेपर्यंत पोहोचले होते आणि जांघेतल्या कातडीवर तांबूस-जांभळे पट्टे उठले होते, बाळंतपणानंतर पोटावर उठतात तसे. त्याने विचारले, "हे पट्टे जातील ना?" आम्हाला खरे सांगावे लागले. चट्टे जातील. पट्टे फिके होतील, पण पूर्ण जाणार नाहीत. ते रोगाने आलेले नव्हते, ट्यूबने आलेले होते.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बायकोच्या कमरेवर पण आलंय. पोरीच्या पोटावर पण. मी कुणाला सांगितलं नाही, पण दिलं मात्र सगळ्यांना."

अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य, असे आपल्याकडे म्हणतात. दुखणे दाखवायची लाज आणि लपवायची शिक्षा, दोन्ही त्या म्हणीत आहेत. म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही जांघेतल्या खाजेबद्दल उघड लिहीत आहोत. घरात सगळ्यांसमोर वाचा. एकाने वाचून दुसऱ्याला सांगितले तरी चालेल.

आधी लाज बाजूला ठेवू

जांघ म्हणजे मांडी आणि ओटीपोट यांच्यामधली घडी. तिथे हवा लागत नाही, घाम साचतो, कातडी कातडीला घासते. उष्ण आणि ओलसर जागा बुरशीला मानवते. दिवसभर गाडीवर बसणारा, गमबूट घालून गटारात उतरणारा, भट्टीजवळ उभा राहणारा, जाड गणवेशात बारा तास पहारा देणारा, पत्र्याच्या घरात चुलीपुढे बसणारी, या सगळ्यांना हा त्रास होऊ शकतो. तो कष्टाच्या घामातून येतो. चारित्र्याचा त्याच्याशी संबंध नाही आणि हा कोणाचा कोपही नाही.

इंग्रजांच्या काळात गोऱ्या लोकांनी या रोगाला 'धोबी इच' म्हणजे धोब्याची खाज असे नाव दिले. कपडे धुणाऱ्यामुळे आपल्याला रोग लागतो, असा त्यांचा समज. घाम साहेबाचा, बुरशी साहेबाच्या कपड्यात आणि ठपका मात्र धुणाऱ्यावर. 'घाण' या शब्दाचा मार आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खाल्ला आहे. म्हणूनच खाज सुटली की आपल्या माणसाला दुप्पट लाज वाटते. लोक पुन्हा तेच म्हणतील, अशी भीती वाटते. दिवसातून दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही गजकर्ण होतो, हे ध्यानात ठेवा.

आपल्या धम्मात तर या दुखण्याची नोंदच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात आनंदांचे उपाध्याय आयुष्मान बेलट्ठसीस यांची हकीकत येते. त्यांना त्वचारोग जडला होता. अंगातून येणाऱ्या लशीने चीवर अंगाला चिकटायचे आणि इतर भिक्खू पाणी लावून लावून ते सोडवायचे. तथागत निवासस्थाने पाहत फिरत असताना त्यांनी हे पाहिले, काय झाले म्हणून विचारपूस केली आणि अशा आजारी भिक्खूला खाजेवर वेगळे वस्त्र वापरायची अनुमती दिली. त्या वस्त्राला 'कण्डुपटिच्छादि' म्हणतात. ते शरीराच्या कोणत्या भागासाठी, हेही विनयात सांगितले आहे : बेंबीच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. तथागतांनी नाक मुरडले नाही, विचारपूस केली आणि उपाय सांगितला. आपणही तेच करू.

नेमके काय झाले आहे, ते ओळखा

जांघेतली प्रत्येक खाज गजकर्ण नसते. रोग वेगळा तसे औषध वेगळे. आरसा आणि उजेड घेऊन नीट पाहा.

*गजकर्ण किंवा नायटा.* हा बुरशीचा रोग आहे आणि सर्वांत जास्त हाच आढळतो. घडीत एक लहान चट्टा येतो आणि बाहेरच्या बाजूला पसरत जातो. कड उठावदार असते, तिच्यावर बारीक पुटकुळ्या आणि कोंडा असतो. मधला भाग मात्र बरा झाल्यासारखा दिसतो. पुस्तकांत चट्टा लाल दाखवतात, पण आपल्या सावळ्या कातडीवर तो तपकिरी किंवा काळपट दिसतो. घाम आला की खाज वाढते. पुरुषांत वृषणाची कातडी बहुधा सुटलेली असते.

*कातडी घासून सोलवटणे.* चालून चालून किंवा ओल्या कपड्याने मांड्या घासल्या की आग होते, चुरचुरते. इथे खाजेपेक्षा आग जास्त असते आणि गोल कड नसते. जागा कोरडी ठेवली, सैल कपडे घातले, साधे व्हॅसलीन किंवा झिंक ऑक्साइडचे मलम लावले की बहुतेक वेळा थोड्या दिवसांत आराम पडतो.

*कॅन्डिडा.* ही दुसऱ्या जातीची बुरशी. मधुमेह असलेल्यांना, लठ्ठ व्यक्तींना, लंगोटातल्या बाळांना जास्त होते. घडी ओली, लालभडक होते आणि मुख्य चट्ट्याच्या आजूबाजूला लहान लहान पुटकुळ्या विखुरलेल्या असतात. बायकांत स्तनांखालीही होते, कधी दह्यासारखा पांढरा स्राव जातो.

*खरूज.* ही बारीक किड्यामुळे होते. खाज रात्री अंथरुणात वाढते. जांघेबरोबर बोटांच्या बेचक्या, मनगट, बेंबी, काखा इथेही पुरळ असते आणि घरात दोन-तीन जणांना एकदमच खाज सुटते. पुरुषांच्या लिंगावर, वृषणावर गाठीसारखे खाजरे फोड येऊ शकतात. गजकर्णाचे मलम हिला चालत नाही. परमेथ्रिन ५ टक्के हे मलम मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत रात्रभर लावायचे, सकाळी धुवायचे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावायचे. घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचे, खाज असो वा नसो. तान्हे बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

*ॲलर्जी.* नवा साबण, धुण्याची पावडर नीट न निघालेली चड्डी, केस काढायचे क्रीम, सुगंधी पॅड, न पातळ केलेले जंतुनाशक यांनीही कातडी पेटते. ती वस्तू बंद करणे हा पहिला उपचार.

*एरिथ्राझ्मा.* हा जिवाणूंचा रोग. तपकिरी, सपाट डाग असतो, खाज फारशी नसते. याला प्रतिजैविक लागते, ते डॉक्टरच देतील.

जखम, व्रण, पाण्याचे फोड, लघवीच्या जागेतून पू किंवा जांघेत गाठ असेल तर हा लैंगिक आजार असू शकतो. तोही बरा होतो किंवा आटोक्यात राहतो, पण घरी बसून नाही. सरकारी रुग्णालयात त्याची तपासणी गुप्त ठेवली जाते. नवरा-बायको दोघांनीही जायला हवे.

मेडिकलची ट्यूब : दोन दिवसांचा आराम, जन्माचा डाग

त्या तरुणाने आणलेल्या तिन्ही ट्यूबांत स्टेरॉइड होते. बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र करून बनवलेली अशी मलमे बाजारात खूप आहेत. "खाजेसाठी काहीतरी द्या" म्हटले की तीच हातात पडतात.

स्टेरॉइड सूज आणि खाज दाबते. म्हणून दोन दिवसांत बरे वाटते. पण त्याच वेळी ते कातडीची लढायची ताकदही दाबते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. गजकर्णाची ओळखीची गोल कड पुसट होते, कधी कडेच्या आत दुसरी कड दिसते, चट्टे वेडेवाकडे पसरतात आणि डॉक्टरलाही ओळखायला अवघड जाते. जांघेची कातडी मुळात पातळ. तिथे स्टेरॉइड जास्त शोषले जाते. काही आठवड्यांच्या वापराने कातडी कागदासारखी पातळ होते आणि ते कायमचे पट्टे उठतात.

ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा. वाचता येत नसतील तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव दिसले तर ते स्टेरॉइड आहे. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय ते जांघेत लावू नका. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यांत त्वचेची काही मिश्र मलमेही होती. तरी बस्तीच्या तोंडाशी असलेल्या दुकानांत ट्यूबा मिळतात. ज्या औषधावर लाल उभी रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय घ्यायचे नाही, एवढे घरातल्या सगळ्यांना शिकवा.

मनाने औषध घेण्याचा तोटा एकट्याला होत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्या देशात गजकर्ण हट्टी झाला आहे. या बुरशीच्या एका जातीला २०२० साली शास्त्रज्ञांनी 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' हे नाव दिले, नावातच आपला देश आला. टर्बिनाफिन हे नेहमीचे औषध तिच्यावर अनेकदा चालत नाही. स्टेरॉइडच्या मिश्र मलमांचा बेसुमार वापर हे त्यामागचे एक मोठे कारण तज्ज्ञ सांगतात.

आधीच स्टेरॉइड लावत असाल तर घाबरू नका, पण लपवूही नका. ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि किती महिने लावली ते सांगा. ती बंद केल्यावर काही दिवस खाज भडकते. तेव्हाच माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो. तेवढे दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने काढायचे असतात.

खरा उपचार : कंटाळा न करता पूर्ण

चट्टा लहान आहे, नवा आहे, आधी काही लावलेले नाही, अशा वेळी नुसते क्लोट्रिमाझोल १ टक्का मलम चालते. 'नुसते' हा शब्द महत्त्वाचा. त्यात दुसरे काही मिसळलेले नको. जनऔषधी केंद्रात अशी औषधे स्वस्त मिळतात. जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून दिवसातून दोनदा लावायचे. फक्त चट्ट्यावर नाही, कडेच्या बाहेर दोन बोटे अंतरापर्यंत लावायचे, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. साधारण २ ते ४ आठवडे लागतात. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावायचे. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नाही. बहुतेकांचा गजकर्ण इथेच उलटतो.

पायांच्या बोटांमध्ये चिखल्या असतील तर त्यांवरही उपचार करा. पायाची बुरशी चड्डी चढवताना जांघेत येते. म्हणून चिखल्या असलेल्याने आधी मोजे घालावेत, मग चड्डी.

दोन आठवड्यांत फरक नाही, चट्टे मोठे आहेत, पुन्हा पुन्हा येतात, घरात अनेकांना आहे, रुग्ण लहान मूल आहे, गरोदर बाई आहे किंवा मधुमेह आहे, अशा वेळी थेट डॉक्टरांकडे जा. ते कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी पाहतात. या तपासणीला दुखत नाही. गरज असेल तर पोटातून गोळ्या देतात. इट्राकोनाझोलसारख्या गोळ्या शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर आणून खाऊ नका. हृदयाचा किंवा यकृताचा आजार असेल तर त्या घातक ठरू शकतात, इतर औषधांशीही त्यांचे जुळत नाही. जुन्या गजकर्णाला दीड-दोन महिने, कधी त्याहून अधिक औषध लागते. पुन्हा पुन्हा होत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या. कित्येकांना मधुमेहाचा पत्ता असाच लागतो.

महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. महापालिकेच्या आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत केसपेपरचे थोडे पैसे पडतात, पण तिथे त्वचारोगाची स्वतंत्र ओपीडी असते. तीन ट्यूबांच्या पैशांपेक्षा हे स्वस्तच. बाईला बाई डॉक्टरकडून तपासून घ्यायचे असेल तर तसे सांगा. संकोच करू नका. नाहीतर आधी आशाताईंशी बोला.

हे मात्र करू नका

बिब्बा, लसूण, लिंबू, रॉकेल, फिनेल, बॅटरीचे पाणी यांतले काहीही जांघेत लावू नका. बिब्ब्याने कातडी जळून फोड आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. बाजारात, स्टेशनबाहेर बाटलीतून मिळणारे जहाल लोशनही नको. त्याने वरची कातडी सोलते, आग होते आणि माणसाला वाटते औषध लागू पडतेय. सुगंधी पावडर थापून रोग जात नाही, घामात तिचा चिखल होतो. खोबरेल तेलाने घासलेल्या कातडीला बरे वाटेल, गजकर्ण जाणार नाही.

दहा बाय दहाच्या घरात काय जमेल?

"कपडे उन्हात वाळवा" हे सांगणे सोपे आहे. बस्तीत ऊन कुठे येते आणि दोरी कुठे बांधायची, हे आम्हालाही माहीत आहे. त्यात बायका-मुली आतले कपडे साडीखाली नाहीतर टॉवेलखाली लपवून वाळत घालतात. ते दमट राहतात आणि दमट कपडाच बुरशीला हवा असतो. कमरेखालचा कपडा हा कपडाच आहे. तो दोरीवर उघडा वाळला म्हणून घराची अब्रू जात नाही, हे घरातल्या पुरुषांनी आधी म्हटले पाहिजे. पावसाळ्यात ऊन नसेल तर कपडा उलटा करून त्यावर गरम इस्त्री फिरवा, विशेषतः शिवणीवर आणि इलॅस्टिकवर.

रोग असेपर्यंत रुग्णाचे आतले कपडे, टॉवेल आणि चादर वेगळी ठेवा. कडक पाण्यात अर्धा तास भिजवून धुवा. टॉवेल घरात एकच असेल तर जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे तुकडे करून प्रत्येकाला एक द्या. अंघोळीनंतर जांघ, काखा, बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या करा, मगच कपडे घाला. कामावरून भिजून आलात तर आधी कपडे बदला, चहा नंतर. चड्डी सुती आणि सैल असावी. परकराची नाडी करकचून एकाच जागी बांधू नका. कमरेचा करदोटा भिजला की दिवसभर ओला राहतो, त्याखाली गजकर्ण हमखास वाढतो. पोरांच्या कमरेचा तो काढून टाका. त्याने नजर लागायची थांबत नाही, खाज मात्र लागते. पाळीत पॅड किंवा कपडा चार ते सहा तासांनी बदला.

यातले निम्मे काम पाण्यावर अवलंबून आहे. ज्या गल्लीत नळाला अर्धा तास पाणी येते, तिथे 'रोज धुवा' म्हणणाऱ्याने पाण्यासाठी अर्जही लिहिला पाहिजे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्याला जो हक्क बजावायला शिकवले, तो पाण्याचाच होता.

या वेळी थांबू नका

जांघेत किंवा गुप्तांगाजवळ अचानक तीव्र वेदना, झपाट्याने वाढणारी सूज, ताप, कातडी काळी पडणे, दुर्गंधी यांपैकी काही दिसले, विशेषतः मधुमेह असलेल्या माणसात, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात न्या. हा जिवावरचा संसर्ग असू शकतो. मध्यरात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका.

तो तरुण, त्याची बायको आणि मुलगी तिघेही एकाच दिवशी सरकारी रुग्णालयात गेले. केसपेपर काढताना त्याने आजार सांगितला नाही, आत गेल्यावर सांगितला. दहा आठवडे औषध चालले. मधे एकदा खाज थांबली म्हणून त्याने गोळ्या सोडल्या होत्या. बायकोने पुन्हा सुरू करायला लावल्या. तिघांचेही चट्टे गेले. त्याचे पट्टे फिके झाले आहेत, आहेतच.

गेल्या महिन्यात तो पुन्हा विहाराच्या ओट्यावर आला. या वेळी सगळे पांगायची वाट पाहिली नाही, रांगेतच उभा राहिला. सोबत त्याच्या कामावरचा एक मुलगा होता, मान खाली घालून. त्याला पुढे करत तो म्हणाला, "जय भीम. ह्याला पण तेच आहे. खिशात ट्यूब आहे ह्याच्या, अजून उघडलेली नाही. आधी तुम्ही वाचा."